‘इन अ ब्राऊन स्टडी’ म्हणजे नेमकं काय? तपकिरी अभ्यासिका?

तुमच्यासारखाच मीही फसलो होतो. अकरावीत असताना शेरलॉक होम्सची ‘कार्डबोर्ड बॉक्स’ ही गोष्ट मूळ इंग्रजीतून वाचायला घेतली. सुरुवातीलाच ऑगस्टचा रणरणता उकाडा, बेकर स्ट्रीटवरचं घर, होम्स सोफ्यावर पत्र वाचतोय. त्याचा मित्र वॉटसन वर्तमानपत्र बाजूला टाकतो, खुर्चीत मागे रेलतो आणि ‘फेल इंटू अ ब्राऊन स्टडी’. मला वाटलं, बिचारा शेजारच्या तपकिरी खोलीत जाऊन पडला! पण पुढच्या ओळीत तो आपला त्याच खुर्चीत. मग डिक्शनरी काढली.

तर इथे ब्राऊन हा रंग नाही आणि स्टडी ही खोली नाही. हा वाक्प्रचार सोळाव्या शतकापासून इंग्रजीत आहे. त्या काळी ब्राऊन या शब्दाला काळवंडलेला, उदास असाही अर्थ होता. आणि स्टडी म्हणजे पुस्तक उघडून केलेला अभ्यास नव्हे, तर विचारात बुडून जाणं. (मुळातला लॅटिन ‘स्टुडियम’ तर ‘ध्यास’ या अर्थाच्या जवळचा.) म्हणजे आधी यात उदास होऊन विचार करत बसणं होतं. पुढे उदासी गळाली आणि नुसतं हरवणं उरलं. वॉटसनही काही रडवेला नसतो. तो भिंतीवरच्या तसबिरी बघत युद्धाच्या निरर्थकतेपर्यंत पोचतो, आणि होम्स त्याच्या नजरेवरून मनातलं अचूक ओळखून त्याला दचकवतो. ही गोष्ट १८९३ सालची. तेव्हा ‘स्ट्रँड’ मासिकाच्या वाचकांना हा शब्दप्रयोग समजावून सांगावा लागत नव्हता.

मराठीत याला सरळ ‘तंद्री लागली’ म्हणा. गंमत बघा, आपल्या शब्दाचंही तेच झालंय. संस्कृतात तंद्रा म्हणजे झापड, सुस्ती. आपल्याकडे मात्र टक्क जागा माणूसही तंद्रीत असतो, समोर चहा निवून साय धरली तरी. ‘विचारात गढला’ही चालेल, पण त्यात मन एकाच गोष्टीवर असतं. वॉटसनचं तसं नाही, एकातून दुसरं निघत जातं. ‘ब्रह्मानंदी टाळी’ मात्र लावू नका, तिथे आनंद हवा.

तुम्ही विचारलंय की ऑफिसच्या ईमेलमध्ये वापरू का. मी तरी नाही वापरणार. आजच्या इंग्रजांच्या बोलण्यातही हा प्रयोग क्वचितच येतो. मीटिंगमध्ये लक्ष नसताना नाव पुकारलं गेलं, तर ‘सॉरी, आय वॉज माइल्स अवे’ म्हणा, काम भागेल. ब्राऊन स्टडी म्हणालात तर समोरचा भिंतीचा रंग बघेल.