पाच लाख घेऊन हक्कसोडपत्रावर सही करू का?

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. वडील 2021 मध्ये गेले. जिंतूर तालुक्यात वडिलोपार्जित 6 एकर 20 गुंठे जमीन आहे. मागे आई, दोन भाऊ आणि ह्या एकट्या बहीण. भाऊ म्हणतात, पाच लाख रोख घे आणि पेरणीच्या आत हक्कसोडपत्र करून दे. मुलगी यंदा अभियांत्रिकीला जाणार, फीसाठी पैसा लागणारच. घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाख, मुलीकडे एसईबीसीचा, म्हणजे सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्गाचा दाखला. गावात जमिनीचा भाव एकरी 14 लाख चालू आहे.

ताई, या अटींवर सही करू नका. आधी तुमचा हिस्सा मोजू. वडील जाण्याआधी एकत्र कुटुंबाची वाटणी झाली असं धरलं तर वडील, आई आणि तुम्ही तिघं भावंडं असे पाच हिस्से पडतात. वडिलांचा पाचवा हिस्सा पुन्हा आई आणि तुम्हा तिघांत समान जातो. एक पंचमांश अधिक एक विसांश म्हणजे चौथा हिस्सा. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित निघाली तरी उत्तर हेच येतं. 260 गुंठ्यांतले 65 गुंठे, म्हणजे 1 एकर 25 गुंठे तुमचे. तुम्ही कळवलेल्या भावाने त्याचे 22 लाख 75 हजार होतात. पाच लाख म्हणजे रुपयाला बावीस पैसे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं असेल तर हे गणित बदलेल. तसं असलं तरी वडिलोपार्जित जमिनीत त्यांना फक्त स्वतःच्या हिश्श्याचं मृत्युपत्र करता येतं, तुमच्या हिश्श्याचं नाही.

‘लग्नात खर्च केला, सोनं घातलं’ हे तुम्हाला ऐकवलं जाईल. त्याने कायद्यातला हिस्सा कमी होत नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे, आणि तो जन्माने मिळतो हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केलं आहे. लग्न कधी झालं याला महत्त्व नाही.

आता कागद. महाभूमीच्या संकेतस्थळावरून 15 रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढा, सोबत 8अ, म्हणजे खातेउतारा, आणि वडिलांच्या मृत्यूनंतरचा वारसाचा फेरफार, म्हणजे नावं बदलल्याची नोंद. सातबारा समोर धरून भोगवटादाराचा रकाना नीट वाचा. पुष्कळ ठिकाणी तिथे थोरल्या भावाचं एकट्याचं नाव असतं, पुढे ‘ए.कु.क.’, म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, आणि बहिणीचं नाव ‘इतर अधिकार’ या रकान्यात ढकललेलं असतं किंवा मुळीच नसतं. नाव नसेल तर हक्क गेला असं नाही, सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. पण पहिलं काम तेच: ई-हक्क प्रणालीतून किंवा तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज. मृत्यूचा दाखला आणि सर्व वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र जोडा. भाऊ वाद घालत असतील की जमीन आजोबांची नव्हेच, तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून 1954-55 च्या खासरा पाहणी पत्रकाची, म्हणजे त्या वेळच्या जमीन नोंदीची नक्कल घ्या. मराठवाड्यात जुनी जमीन कोणाच्या नावावर होती हे शोधायला त्याच्याइतका कामाचा कागद नाही.

त्याच सातबाऱ्यावर आणखी दोन गोष्टी पाहा. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी अटींवर धारण केलेली जमीन असेल किंवा इनामाची नोंद असेल तर परवानगीशिवाय हस्तांतर अडकतं. आणि बँकेचा बोजा असेल तर तो आधी कळायला हवा. जालना–नांदेड द्रुतगती महामार्ग परभणी जिल्ह्यातून जातो, तुमचा गट त्या संपादनात आहे का तेही विचारून घ्या. तसं असेल आणि आज सही केली, तर मोबदल्यातला तुमचा वाटाही गेला.

पाच लाख रोख घेण्यात वेगळा धोका आहे. हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकात बसावं म्हणून कागदावर ‘प्रेमापोटी, विनामोबदला’ लिहितात आणि पैसे हातात देतात. उद्या भावाने तीनच लाख दिले तर तुमच्याकडे सांगायला काही नाही. शिवाय स्थावर मिळकतीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. बॉन्डवर नोटरी करून दिलेलं हक्कसोडपत्र तर चालतच नाही, त्याला दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. एकदा नोंदलं की रद्द करायला दिवाणी न्यायालयात जावं लागतं. ‘वारस नोंदीच्या अर्जावर सही कर’ म्हणून पुढे केलेला प्रत्येक कागद वाचूनच सही करा, कोरा तर हातात घेऊ नका.

फीची घाई मला खरी वाटते, म्हणून तिथे थोडं थांबतो. 2024-25 पासून राज्यात 8 लाखांपर्यंत उत्पन्नाच्या एसईबीसी, ओबीसी आणि ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. अट एक: प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर ही सवलत नाही, अभिमत विद्यापीठातही नाही. तुमच्या उत्पन्नात मुलगी यात बसते. तिचा उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र आत्ताच काढायला टाका, प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्रावर रांग लागते. उरतो वसतिगृह, मेस आणि पुस्तकांचा खर्च. त्यासाठी बँकांचं 4 लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज तारणाशिवाय मिळतं, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा. म्हणजे ज्या गरजेपोटी तुम्ही सहीला तयार झालात, ती पाच लाखांची उरतच नाही.

मग जमिनीचं काय? माझा कल वाटणी घेण्याकडे आहे. सगळे राजी असतील तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे सहमतीची वाटणी होते, नंतर मोजणी आणि वेगळा सातबारा. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडायला तुकडेबंदी कायद्याने मनाई आहे, पण 65 गुंठे त्या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत, तिथे अडचण नाही. कसायला भावालाच द्या, बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, किंवा ठोक्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर. विहिरीचं पाणी आणि बांधावरचा रस्ता वाटणीपत्रात नावानिशी लिहून घ्या, पुढची भांडणं तिथेच होतात. आणखी एक: सगळी जमीन सोडलीत तर तुमच्या नावावर शेतकरी असल्याचा पुरावाच उरणार नाही, आणि राज्यात बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेणं जड जातं.

भावांना जमीन फोडायचीच नसेल तर हिस्सा योग्य भावाने खरेदीखत करून विका, पैसे बँकेतून घ्या. गाव नगरपालिकेच्या हद्दीपासून पुरेसं लांब असेल तर ग्रामीण शेतजमिनीच्या विक्रीवर आयकर लागत नाही. नात्यापायी दोन-तीन लाख कमी घ्यायचे ठरवलेत तर तो तुमचा निर्णय, मी त्याला नको म्हणणार नाही. पण तो 22 लाख 75 हजारांवरून खाली मोजा, पाच लाखांवरून वर नको. आणि आईच्या 65 गुंठ्यांना या व्यवहारात कोणीही हात लावू नये, त्यावर तिचं म्हातारपण आहे.