चार्ज घेतल्यावर

प्रिय सिस्टर,

परिसेविका म्हणून, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर म्हणून, तुझी ऑर्डर निघाली, तीही प्रसूतिकक्षाला, हे ऐकून फार बरं वाटलं. फोनवर तू म्हणालीस, ‘मॅडम, वर अधिसेविका, वैद्यकीय अधीक्षक, त्यांच्यावर जिल्हा शल्यचिकित्सक. मग माझ्या हातात आहे तरी काय?’ खरेदी नाही, बदल्या नाहीत, डॉक्टरांवर हुकूम तर नाहीच. पण एक पाळी दुसऱ्या पाळीला काय सांगून जाते, हे पूर्ण तुझ्या हातात आहे.

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची द्यायची माहिती, टेबलाशी बसून देऊ देऊ नकोस. खाटेजवळ उभं राहून दिली पाहिजे. ‘पेशंट ठीक आहे’ हे वाक्य तुझ्या वॉर्डात बंद. बीपी किती, कधी घेतलं, लघवी किती झाली, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, काय बाकी आहे, तेवढं बोलायचं. पेशंटसमोर बोललं की तिची सासूच चूक पकडते, ‘न्हाई ओ शिस्टर, ती सलाईन तर पहाटंच संपली.’

आता रात्रीचं. डॉक्टरांना फोन करून ‘सर, जरा येता का, पेशंटला बरं नाही वाटत’ असं सांगितलं, तर समोरचा माणूस कूस बदलून झोपणारच. सरळ सांगायचं, ‘सर, पाच नंबरची पहिलटकरीण, नववा महिना, बीपी 170/110, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं अंधारी येतेय. झटके येऊ नयेत म्हणून मॅगसल्फ काढून ठेवलंय. पहिल्या, लोडिंग डोसची ऑर्डर द्या आणि लगेच या.’ फोनची वेळ आणि मिळालेली ऑर्डर केसपेपरवर लिही, डॉक्टर आले की त्यावर सही घे.

आणि नाही आले तर? इथंच बहुतेक सिस्टर गप्प बसतात, कारण वरच्याला फोन करणं म्हणजे चुगली वाटते. म्हणून हे दिवसाउजेडी ठरवून ठेव. किती मिनिटांनी दुसरा फोन, त्यानंतर कोणाला, शेवटी अधीक्षकांना कधी, हे एका कागदावर लिहून अधीक्षकांची सही घे आणि तो कागद फोनच्या वर चिकटव. मग रात्री दोन वाजता नवीन पोरगी अधीक्षकांना उठवते तेव्हा ती कोणाची तक्रार करत नसते, त्यांचाच आदेश पाळत असते. साहेबांशी भांडून जे मिळत नाही ते त्यांच्या सहीनं मिळतं. सही मागायला मात्र अधिसेविकांच्या मार्फतच जा. त्यांना डावललंस तर तो कागद भिंतीवर राहील आणि त्या तुझ्याशी वर्षभर बोलणार नाहीत.

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ऊसतोडीवरून बायका परततात. कितीतरी जणींची तपासणी धड झालेली नसते, कार्ड फडावरच्या कुठल्या कोपीत, झोपडीत राहिलेलं असतं. अशी बाई आली की रक्तगट आणि हिमोग्लोबिनसाठी रक्त दाखल करतानाच तपासायला पाठव, रक्तस्राव सुरू होण्याची वाट बघू नकोस. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर लगेच डॉक्टरांना कळव. अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या घाटीच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची वेळ आली, तर गाडी निघण्याआधी तिकडच्या लेबर रूमला फोन झाला पाहिजे आणि दिलेलं औषध, डोस, वेळ चिठ्ठीवर पाहिजे. मॅगसल्फ दिलं की नाही हेच चिठ्ठीत नसेल, तर तिथला डॉक्टर पुन्हा द्यावं की थांबावं या पेचात पडतो. अर्धवट चिठ्ठीनं पेशंट पाठवणं म्हणजे जबाबदारी गाडीत घालून रवाना करणं, असं माझं मत आहे.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन फ्रीजमध्ये 2 ते 8 अंशांत राहिलं पाहिजे. त्या फ्रीजमध्ये जेवणाचे डबे दिसले तर, मग ते कोणाचेही असोत, बाहेर काढ. औषध कमी पडत असेल तर ओरडून उपयोग नाही. शिल्लक किती, रोज लागतं किती, कुठल्या तारखेला संपेल, हे लिहून मागणी दे आणि पोच घे.

मावशींना ओव्हरला उभं कर. बाळंतिणीचं पॅड परत भिजलंय हे सगळ्यांत आधी त्यांनाच दिसतं, पण त्यांचं ऐकून घ्यायची पद्धत नाही. मावशींनी सांगितलं की आधी पोटावर हात ठेवून गर्भाशय घट्ट आहे का बघायचं, बाकीचं मग.

राहिला ड्युटीचा तक्ता. सणावाराच्या रात्रपाळ्या कंत्राटी पोरींच्याच माथी मारल्या जातात. पहिल्या तक्त्यात दिवाळीची एक रात्र स्वतःच्या नावावर लाव.

तुझी,
मॅडम