भोपळ्यातल्या म्हातारीची खरी गोष्ट कुठली?

बाय,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. शाळेच्या कथाकथन स्पर्धेत ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ सांगायचीय, पण मैत्रीण म्हणते तुझ्या आजीची गोष्ट चुकीचीय, पुस्तकात म्हातारी लेकीकडे तूपरोटी खाते आणि आपली आजी तिला पातोळ्या खायला घालते, वर लेक दिलीय गोव्यातल्या वाळपईला, मग खरी कुठली?

दोन्ही खऱ्या गं. ही गोष्ट कुणी एकानं लिहिलेलीच नाही, ती सांगत सांगत आलीय आणि सांगणारी बाई आपल्याच घरचं खाणं आणि आपल्याच वाटेवरचं रान त्यात घालणार ना. वाळपईच्याच सत्तरी तालुक्यात म्हादईच्या अभयारण्यात पट्टेरी वाघ खरंच आहे, मग आजीची म्हातारी दुसऱ्या कुठल्या रानातून कशाला जाईल!

इराणमध्येपण ही गोष्ट आहे, माहितीय? तिथं वाटेत लांडगा, बिबट्या आणि सिंह भेटतात, म्हातारी म्हणते लेकीकडे पुलाव खाऊन जाड होऊन येते मग खा, आणि परत येते ती भोपळ्यात बसून गडगडत. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१० च्या पुस्तकात ती कुबडी म्हातारी आहे, दुधीच्या पोकळ कवचात बसते आणि शेवटी तिचे कुत्रे तिला वाचवतात.

तुझी ती लाल टोपीवाली पोर घे. १६९७ मध्ये फ्रान्सच्या शार्ल पेरोनं छापली तेव्हा लांडगा आजीला खातो, पोरीला खातो, गोष्ट संपली. कुणी येतच नाही वाचवायला, फक्त खाली कवितेत उपदेश की गोडबोल्या लांडग्यांपासून मुलींनी सांभाळून राहावं. मग १८१२ मध्ये जर्मनीत ग्रिम भावांच्या पुस्तकात शिकारी येतो, लांडग्याचं पोट कापतो आणि दोघी जिवंत बाहेर. पण फ्रान्सच्या खेड्यांत बायका सांगायच्या त्यात पोरगी म्हणते मला बाहेर जायचंय, लांडगा तिच्या पायाला दोरी बांधून सोडतो, ती दोरी झाडाला बांधते आणि धूम घरी! मला हीच सगळ्यात आवडते, कारण आपल्या म्हातारीसारखी तीपण स्वतःच्या डोक्यानं सुटते.

म्हणून स्पर्धेत आजीचीच सांग. पातोळ्या ठेव, वाघाशी बोलताना घाई करू नकोस, म्हातारी घाबरलीय पण दाखवत नाहीय हे आवाजात येऊ दे. आणि कुणी काही म्हणो, लेक वाळपईलाच राहू दे.

तुझा बाबा