ट्रक कंपनीने माझी अपघाताची केस टेक्सासच्या स्टेट कोर्टातून फेडरल कोर्टात नेली. आता काय करू?

नेता येते, आणि नेतातच. टेक्सासच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात बारापैकी दहा ज्युरर पटले की निकाल लागतो; फेडरलमध्ये सगळ्यांचं एकमत लागतं. एक ज्युरर अडून बसला तरी कंपनीचं फावतं.

समजा तुम्ही ह्यूस्टनचे, कंपनी इंडियानाची एलएलसी (सदस्यांच्या मालकीची, मर्यादित जबाबदारीची कंपनी), केस हलवल्याची नोटीस येऊन दहा दिवस झाले. मग त्या नोटिशीतला (नोटीस ऑफ रिमूव्हल) नागरिकत्वाचा, म्हणजे कोण कोणत्या राज्याचं हे सांगणारा, परिच्छेद आज रात्रीच वाचा. या आधारावर केस हलवायची तर दावा ७५,००० डॉलरच्या वर हवा आणि एकही प्रतिवादी तुमच्या राज्याचा नको. 'इंडियानात नोंदलेली एलएलसी' एवढ्यावर भागवलं असेल तर ते अपुरं आहे. एलएलसीचे जेवढे सदस्य, तेवढ्या सगळ्यांची राज्यं तिची. एक जरी टेक्सासचा निघाला की केस परत. या आक्षेपाला मुदत नाही. डिसेंबर २०२२ पासून फेडरल दिवाणी कार्यपद्धतीच्या नियम ७.१ प्रमाणे सदस्यांची ही माहिती सुरुवातीलाच द्यावी लागते, तरी टाळाटाळ होतेच. ड्रायव्हर प्रतिवादी असेल तर त्याचं घर कुठे तेही बघा. (ग्रीन कार्डवाला टेक्सासमध्ये राहत असेल तर टेक्सासच्या प्रतिवादीसमोर तोही तिथलाच. एच-१बीवाल्याचं गणित वेगळं, ते वकिलाला विचारा.)

कागदोपत्री चुकांचं मात्र तसं नाही. समन्स मिळून ३० दिवस उलटल्यावर केस हलवली, किंवा समन्स मिळालेल्या दुसऱ्या प्रतिवादीची संमती घेतली नाही, तर रिमांडचा अर्ज नोटीस दाखल झाल्यापासून ३० दिवसांत करावा लागतो. इथला रिमांड म्हणजे कोठडी नव्हे, केस मूळ कोर्टात परत.

पण कोर्टाच्या या ओढाताणीत पुरावा हातचा जातो, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथे होतं. ड्रायव्हरच्या तासांच्या नोंदी आणि त्यांना जोडलेल्या पावत्या कंपनीला सहाच महिने ठेवाव्या लागतात, गाडीच्या रोजच्या तपासणीचे रिपोर्ट तीन महिने. ट्रक दुरुस्त होऊन पुन्हा धावू लागला की इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या ब्रेकच्या नोंदींवर नव्या नोंदी चढू शकतात. तेव्हा वकिलाने पुरावा जपण्याचं पत्र पाठवलंय का ते विचारा. त्यात 'सर्व कागदपत्रे' असं मोघम नको: इएलडीच्या (ड्रायव्हरचे तास आपोआप नोंदवणारं यंत्र) नोंदी आणि त्यात नंतर केलेले बदल, डिझेल आणि टोलच्या पावत्या, डिस्पॅचचे मेसेज, कॅमेऱ्याचं फुटेज, अपघातानंतरच्या दारू-ड्रग चाचण्या, असं एकेक नाव घेऊन मागा. ड्रायव्हरला मर्यादा १४ तासांच्या पाळीत ११ तास चालवण्याची आहे. नोंदीत ड्रायव्हर झोपलेला आणि त्याच वेळेची डिझेलची पावती दोनशे मैल पुढची, हे कागद शेजारी ठेवल्यावरच दिसतं.

पत्राची पोच सांभाळा. पुढे डेटा पुसला गेला तर त्याच फेडरल नियमांतल्या नियम ३७(ई) खाली दाद मागताना, तो जपायला हवा हे कंपनीला माहीत होतं, हे त्या पोचेवरून दाखवता येईल.