अंगणात काय लावायचं ते नंतर, आधी गाजर गवत काढा

वारज्यातल्या तुमच्या रो-हाउसपुढे छोटं अंगण आहे, पावसाळा सरत आला की मुलीला शिंका येतात, डोळे खाजतात, तर कोणती झाडं लावावीत, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलालाही हाच त्रास होता, आम्ही धायरीत राहतो.

आधी गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत शोधा, कारण असा त्रास बरेचदा त्याच्या परागकणांनी होतो. भारतात ते पहिल्यांदा नजरेत आलं तेच आपल्या पुण्यात, १९५५ साली. उगवल्यावर महिन्याभरात फुलतं आणि एकेक झाड हजारो बिया टाकतं. म्हणून पांढरी फुलं दिसायच्या आत, माती ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मास्क हवाच, कारण काहींना नुसत्या स्पर्शानेही पुरळ उठतं. मुलीला तेव्हा घरातच ठेवा.

आमचं अंगण लख्ख झालं तरी मुलाच्या शिंका थांबेनात. शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ते कमरेएवढं माजलं होतं! मालकांना विचारून गल्लीतल्या चार घरांनी मिळून काढलं, तेव्हा कुठे फरक पडला. दर पावसाळ्यात पुन्हा काढावं लागतं.

लॉन करू नका. गवताचे परागकण वाऱ्यावर उडतात. हरळी असेलच तर तुरे येण्याआधी कापत राहा. आम्ही अर्ध्या अंगणात शहाबादी फरशी घातली. जास्वंद, एक्झोरा बिनधास्त लावा. त्यांचे परागकण जड, चिकट असतात, हवेत फारसे तरंगत नाहीत. शेवंती आणि झेंडू मात्र गाजर गवताच्याच कुळातले, त्यामुळे त्याची ॲलर्जी असलेल्यांना यांचाही त्रास होऊ शकतो. आम्ही दसऱ्याला आता फक्त आंब्याच्या पानांचं तोरण बांधतो.

सातवीण नव्याने लावू नका, ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिचा उग्र वास अनेकांना सोसत नाही. दारात आधीपासून असेल तर परस्पर तोडू नका, महापालिकेची परवानगी लागते. पालापाचोळ्याचा खड्डा खिडकीपासून लांब ठेवा, ओल्या पाल्यावर बुरशी धरते.

आणि नर्सरीत पैसे घालवण्याआधी डॉक्टरांकडून त्वचेवरची ॲलर्जी टेस्ट करून घ्या. माझ्या मुलाच्या टेस्टमध्ये गाजर गवताबरोबर गादीतल्या धुळीतले डस्ट माइट, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक किडेही निघाले. त्यासाठी गाद्या-उश्यांना बंद खोळी घालाव्या लागल्या, अंगणाचा तिथे काही उपयोग नव्हता.