भरतीचा सराव आणि आवळणारी पोटरी

प्रश्न : वय २१. पोलीस भरतीसाठी धावतो. अर्धा किलोमीटर झालं की उजवी पोटरी आवळते, तळपाय बधिर होतो. पाच मिनिटं थांबलं की बरं वाटतं. झोपवून केलेला डॉप्लर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) नॉर्मल आला. – एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : गुडघ्यामागची धमनी पोटरीच्या स्नायूत दबत असावी. ‘पॉप्लिटियल एन्ट्रॅपमेंट’ हा दुर्मीळ आजार तरण्या, धावणाऱ्या पोरांतच जास्त दिसतो. स्नायू सैल असताना धमनी मोकळी असते, म्हणून रिपोर्ट चांगला येतो. गुडघा सरळ ठेवून पंजा जोरात खाली दाबलेला असताना डॉप्लर पुन्हा करायला सांगा. मात्र निरोगी माणसाचीही धमनी अशी कधी दबते. एवढ्यावरून ऑपरेशन ठरवू नका. नागपूरला व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनकडून दोन्ही पायांचा एमआरआय, अँजिओग्राफीसह (धमन्यांच्या चित्रासह), करून घ्या. डावाही पाय अनेकदा बाधित असतो.

इलाज म्हणजे दाबणारा स्नायू किंवा पट्टा कापून धमनी मोकळी करणं. धमनी खराब झाली असेल तर पायाच्याच शिरेचा बायपास. नुसता स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळी) टिकत नाही, बाहेरचा दाब तसाच राहतो.

बिडी-खर्रा असेल तर तेही सांगा. तंबाखूने होणारा, हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद करणारा बर्गर आजारही याच वयात सुरू होतो. निदान होईपर्यंत धावणं बंद. पाय अचानक थंडगार, पांढरा पडला तर सकाळची वाट पाहू नका, त्याच तासाला निघा.