काजूगरांची प्रतवारी, छपरावरचं शेवाळ आणि कापलेला पगार

प्रश्न : मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका काजू कारखान्यात 11 वर्षं ग्रेडिंगला आहे. वय 52. आम्ही 26 बायका आहोत. पाऊस लागल्यापासून ‘माल मिक्स झाला, गिऱ्हाइकानं परत पाठवला’ असं सांगून माझ्या 14,000 पगारातून जूनला 1,200 आणि जुलैला 1,350 रुपये कापले. लेखी काहीच नाही. माझं टेबल आतल्या भिंतीकडे आहे. वरच्या पारदर्शक पत्र्यांवर शेवाळ धरलंय, आठपैकी तीन ट्यूब बंद आहेत. भाचा वायरिंगच्या कामाला जातो. त्यानं जेवणाच्या सुट्टीत आत येऊन लक्स मीटरनं, म्हणजे उजेड मोजायच्या यंत्रानं, मोजलं. माझ्या टेबलावर 140 लक्स आलं, दाराजवळच्या टेबलावर 410. फोटोही काढले. सुपरवायझरनं पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ‘परवानगीशिवाय उपकरण आणून हेरगिरी केली, 48 तासांत खुलासा द्या’ असं पत्र हातात ठेवलं. मीटरचा आकडा कोर्टात चालेल का? गणेशचवथ तोंडावर आलीय, कामावरून काढतील का?

उत्तर : ताई, आधी त्या 48 तासांचं बघू, बाकीचं सगळं थांबू शकतं.

खुलासा द्याच. गप्प राहिलात तर ‘हिला सांगण्यासारखं काही नव्हतं’ असा अर्थ काढला जातो. पत्र लहान ठेवा आणि त्यात दोन गोष्टी वेगळ्या करा. भाच्याला परवानगीशिवाय आत घेतलं ही चूक आहे. खाद्यपदार्थांच्या कारखान्यात बाहेरचा माणूस आत येणं कुठलाही मालक खपवून घेणार नाही, आणि ते बरोबरच आहे. ती चूक एका वाक्यात मान्य करून दिलगिरी व्यक्त करा. पण हेरगिरीचा आरोप स्पष्ट नाकारा. लिहा : ‘माझ्या कामाच्या जागी उजेड अपुरा असल्यामुळे प्रतवारीत चुका होतात, असे मला वाटत होते. त्याची खात्री करण्यासाठी फक्त टेबलावरचा उजेड मोजला. मालाची, यंत्रांची किंवा कागदपत्रांची कोणतीही माहिती घेतलेली नाही. व्यवस्थापनाने माझ्या समक्ष पुन्हा मोजमाप करावे, ही विनंती.’ हे शेवटचं वाक्य विसरू नका. पत्राची पोच घ्या. पोच नाकारली तर तेच पत्र स्पीड पोस्टानं पाठवा. कोऱ्या कागदावर किंवा तयार राजीनाम्यावर कुणी कितीही गोड बोललं तरी सही करायची नाही.

11 वर्षं काम केलेल्या कामगाराला गैरवर्तनाच्या नावाखाली असं उठून घरी पाठवता येत नाही. आरोपपत्र द्यावं लागतं, चौकशी करावी लागते, तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. मोजलेल्या उजेडासाठी कायमचं काढून टाकणं ही शिक्षा चुकीच्या मानानं इतकी जड आहे की ती टिकवणं मालकालाच अवघड जाईल. ‘उद्यापासून येऊ नका’ असं तोंडी सांगितलं, तर त्याच दिवशी ‘मी कामावर हजर होते, मला आत घेतलं नाही’ असं लेखी कळवून पणजीच्या श्रम आयुक्त कार्यालयात जा.

आता पगार. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचं वजन इथंच आहे.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू आहे. तिच्यानुसार मालक पगारातून मनाला येईल ते कापू शकत नाही. कारणं ठरलेली आहेत. 1,200 रुपये जर ‘दंड’ म्हणून कापले असतील, तर दंड कुठल्या चुकांसाठी होतो याची सरकारमान्य यादी आधी कारखान्यात लावलेली असायला हवी. तुम्हाला कारण दाखवण्याची संधी द्यायला हवी. आणि एका पगारात दंड तीन टक्क्यांच्या वर जाता कामा नये. 14,000 चे तीन टक्के म्हणजे 420 रुपये. म्हणजे यादी असली, संधी दिली असली, तरीही दोन्ही महिन्यांची कपात जास्तच ठरते.

मग मालक म्हणेल, दंड नव्हे, ही नुकसानभरपाई. त्याचीही अट आहे. माल सांभाळायला म्हणून तुमच्याच ताब्यात दिलेला असला पाहिजे आणि नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असलं पाहिजे. 26 जणींच्या हातांखालून जाणारे गर ‘तुमच्या ताब्यात’ होते का, हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. परत आलेल्या डब्यातला कुठला गर कुणी निवडला, हे सुपरवायझरला तरी कसं कळलं? आणि हलगर्जीपणा कोणाचा, हे ठरवताना उजेड मध्ये येतो. ज्या टेबलावर नीट दिसत नाही तिथली चूक ‘थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे’ झाली, हे सिद्ध करणं सोपं नाही. शिवाय बेकायदा कपातीच्या दाव्यात पुराव्याचा भार संहितेनं मालकावर टाकला आहे. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि कापलेल्या रकमेच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. आधी पगाराच्या पावत्या लेखी मागा. पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. त्यावर कपातीचं कारण काय लिहितात यावर पुढचं सगळं ठरेल.

मीटरच्या आकड्याबद्दल. तो चालेल, पण एकट्याच्या पायावर उभा राहणार नाही. चौकशीत पहिलाच प्रश्न येईल : मीटर कुणाचं, त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे ते बरोबर दाखवतं का याची तपासणी, कधी झालं? भाच्याला मीटरवरचा मॉडेल आणि अनुक्रमांक लिहून ठेवायला सांगा. प्रमाणपत्र नसेल तर नाही म्हणून सांगा, खोटं जोडू नका. दुसरा प्रश्न, मीटरची पेशी, म्हणजे उजेड टिपणारा भाग, कुठे धरली होती? उजेड मोजायचा तो कामाच्या जागी, म्हणजे जिथे ट्रे असतो तिथे, पेशी आडवी ठेवून. हातात उंच धरली की दिव्याच्या जवळ जाते आणि आकडा वाढतो. मोजणारा वाकून उभा राहिला की त्याची सावली पडून आकडा घटतो. ट्यूब लावल्या लावल्या पूर्ण उजेड देत नाहीत, त्यासाठी थोडा वेळ जावा लागतो. आणि पावसाळ्यात आभाळ भरलेलं होतं की उघडलं होतं, यावर तुमच्या पत्र्यांखालचा आकडा फार हलतो. म्हणून तारीख, वेळ, आभाळ, कुठल्या ट्यूब चालू होत्या, हे सगळं आजच, आठवण ताजी आहे तोवर कागदावर उतरवा. फोनमधल्या अ‍ॅपवर भिस्त ठेवू नका. फोनचा सेन्सर पडद्याची चमक कमी-जास्त करायला बसवलेला असतो, मोजमापाला नव्हे. फोटो पुढे कोर्टात द्यायचे झाले तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागतं. मूळ फोन विकू नका, फोटो खोडू नका.

आता पुन्हा चोरून मोजायला जाऊ नका. जे हवं होतं ते मिळालं आहे. एकाच मीटरनं, एकाच वेळी दोन टेबलांवर मोजल्यावर 140 आणि 410 आले. मीटर दहा-पंधरा टक्क्यांनी चुकत असलं, तरी दोन टेबलांमधली ही तफावत पुसली जात नाही.

140 कमी आहे हे कशावरून? कायद्याचे शब्द ‘पुरेसा आणि योग्य उजेड’ असे होते. 1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 17 मध्ये ते होते. त्याच कलमात खिडक्या आणि छपराच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवण्याची जबाबदारीही होती. तुमच्या शेवाळाचा मुद्दा नेमका इथे बसतो. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, 2020 आली. तिच्या कलम 23 मध्येही पुरेसा उजेड आहेच. ‘पुरेसा’ म्हणजे किती, हे समजायला उजेडाबद्दलचं भारतीय मानक आयएस 3646 उपयोगी पडतं. त्यात प्रत्येक कामाला तीन आकडे आहेत. साध्या कार्यालयात लिहिण्या-वाचण्याला 300-500-750 लक्स. मधला आकडा नेहमीचा, आणि चूक महागात पडत असेल किंवा काम करणाऱ्याची नजर तशी असेल तर वरचा घ्यावा, असं मानकच सांगतं. आता विचार करा. कारकुनाच्या टेबलाला कमीत कमी 300, आणि डब्ल्यू-240 या मोठ्या गरांच्या प्रतीतून त्याहून लहान 320 वेगळा काढणाऱ्या, पांढऱ्या गरातून किंचित करपलेला उचलणाऱ्या बाईला 140! वर मालक स्वतःच म्हणतो की चूक इतकी महाग आहे की ती पगारातून कापावी लागते. मग वरचा आकडा लागू होतो, हे त्यानंच कबूल केलं की नाही? एवढं मात्र ध्यानात ठेवा की मानक म्हणजे शिफारस. 500 च्या खाली गेलं की आपोआप गुन्हा, असं नाही. ‘पुरेसा’ या शब्दात काय भरायचं ते मानक दाखवतं.

आणखी एक गोष्ट मीटर सांगत नाही. उजेड किती हे तो सांगतो, कसा आहे हे नाही. हिरव्या शेवाळातून गाळून आलेल्या उजेडात पांढरा गर आणि पिवळट गर यांतला फरक तसाही पुसट होतो. अर्जात हे जरूर लिहा. 11 वर्षं गर हाताळलेल्या बाईचा शब्द इथे मीटरपेक्षा कमी नाही.

अर्ज आधी मालकाला करा. 2020 च्या संहितेचं कलम 14 कामगाराला सुरक्षितता आणि आरोग्याची माहिती मागण्याचा आणि अपुऱ्या सोयींबद्दल तक्रार करण्याचा हक्क देतं. समाधान झालं नाही तर निरीक्षकाकडे जाता येतं. तुमच्यासाठी ते पणजीत आल्तिनोवरचं कारखाने आणि बाष्पके (बॉयलर) निरीक्षणालय. त्यांच्या अधिकाऱ्यानं येऊन मोजलेला आकडा भाच्याच्या आकड्याच्या कितीतरी पट वजनाचा असतो. तो मिळवणं हेच तुमचं ध्येय ठेवा. एकटीनं सही करू नका. पाच-सहा जणी मिळून करा.

त्याआधी एक साधा नकाशा काढा. शेड, दार, चालू-बंद ट्यूब, 26 जागा. ज्यांचा पगार कापला त्यांच्या जागांवर फुली मारा. फुल्या सगळ्या भिंतीकडे पडल्या, तर त्या कागदासमोर कुणालाही ‘कॅलिब्रेशन कुठाय’ विचारता येणार नाही. माझ्यासाठी तो मीटरहून मोठा पुरावा आहे. फुल्या दाराजवळही तितक्याच पडल्या, तर मात्र उजेडाचा मुद्दा कमजोर आहे. तसं असेल तर मला आधीच कळवा, मी पगाराच्या मुद्द्यावरच जोर देईन.

डोळे तपासून घ्या. ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर त्यावर. मालक म्हणणारच की बाईची नजर गेली. पन्नाशीनंतर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं, बाहुली लहान होते, त्याच कामाला जास्त उजेड लागतो. यात लाजण्यासारखं काही नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल तर चष्मा करा आणि तपासणीचा कागद जपून ठेवा.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तुम्ही दोन्ही आहात. उत्तर गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो.

अर्ज गेला की बहुतेक दोन दिवसांत पत्रे धुतले जातील आणि ट्यूब बदलल्या जातील. होऊ द्या, तुम्हाला हवंय तेच आहे. पण त्याआधी छपराचा एक फोटो बाहेरच्या रस्त्यावरून काढून ठेवा, तिथून काढायला कुणाची परवानगी लागत नाही. पत्रे कुठल्या तारखेला धुतले ते वहीत लिहा. आणि त्यानंतरच्या महिन्यात किती माल परत आला, ते पावतीबरोबर लेखी विचारा.